न मोजता कळणारा कोन

२० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्ब्टन हिंगणघाटला वारला. सत्तरीच्या घरातला हा माणूस हैदराबादचा मुक्काम हलवून नागपूरला निघाला होता, आणि वाटेतच त्याचे आयुष्य संपले. त्याला तिथेच मूठमाती मिळाली. जिला पुढे ‘ग्रेट ट्रिगॉनोमेट्रिकल सर्व्हे’ असे नाव मिळाले, त्या भारताच्या मोजणीचा हा जनक. १० एप्रिल १८०२ रोजी त्याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात शंभर फुटी पोलादी साखळीने एक पायारेषा मोजायला घेतली. साडेसात मैलांच्या त्या रेषेसाठी कित्येक आठवडे लागले. त्यानंतर दक्षिण भारत पालथा घालताना साखळी जमिनीवर पसरण्याची वेळ त्याच्यावर फार थोड्या ठिकाणी आली. बंगळुरूजवळ एकदा, निजामाच्या मुलखात १८१५ साली बीदरजवळ एकदा, अशा मोजक्याच जागा. बाकी सगळे काम कोनांनी केले. डोंगरमाथ्यावर, गोपुरावर, किल्ल्याच्या बुरुजावर अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, चढवायचा, दूरच्या दोन खुणांवर दुर्बीण रोखायची, मधला कोन टिपायचा आणि पुढच्या टेकडीकडे निघायचे.

मद्रासच्या पायारेषेवरून केवळ कोनांच्या आधारे बंगळुरूच्या रेषेची लांबी काढली आणि मग ती साखळीने प्रत्यक्ष मोजून पाहिली, तेव्हा मैलोगणतीच्या त्या रेषेत काही इंचांचाच फरक निघाला. मधला सगळा मुलूख कोणी साखळीने मोजला नव्हता. तरीही तो मोजला गेला, कारण कोन कधी एकटा नसतो. एक कोन हाती आला की त्याच्या शेजारचा, समोरचा, समांतर रेषेपलीकडचा असे कितीतरी कोन न मोजता कळतात. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. सातवी-आठवीच्या पुस्तकांत तो ‘कोन व कोनांच्या जोड्या’ आणि ‘समांतर रेषा व छेदिका’ या नावांनी येतो, आणि बहुतेक मुलांच्या डोक्यातून परीक्षेनंतर आठवडाभरात निघून जातो. तो तसा निघून जाऊ नये, म्हणून हे पुस्तक.

मुलांना यातले काय जड जाते, हे हैदराबादेत मराठी घरांतल्या मुलांना गणित शिकवताना मी जवळून पाहिले आहे. आकडेमोड त्यांना जड जात नाही. १८० मधून ६५ कोणीही वजा करते. जड जाते ती नावांची गर्दी. कोटिकोन, पूरककोन, संलग्न कोन, रेषीय जोडी, विरुद्ध कोन, संगत कोन, व्युत्क्रम कोन, आंतरकोन अशी आठ नावे एका दमात समोर येतात आणि प्रत्येकापुढे ‘समान’ किंवा ‘बेरीज १८०’ असे काहीतरी लिहिलेले असते. मूल ती यादी पाढ्यासारखी घोकते. मग ‘संगत कोन समान असतात’ हे वाक्य इतके पक्के होते की रेषा समांतर नसल्या तरी ते कोन समान मानून उदाहरण सोडवले जाते. ‘पूरककोन’ म्हटले की दोन कोन एकमेकांना चिकटलेलेच असणार, असेही मुले धरून चालतात. खरे तर एक कोन चारमिनारपाशी आणि दुसरा गोवळकोंड्यावर असला, तरी बेरीज १८० भरली की ते पूरक. पूरक आणि कोटी ही मापांची नाती आहेत. संलग्न हे जागेचे नाते आहे. रेषीय जोडीत माप आणि जागा दोन्ही लागतात. एवढे वेगळे करून सांगितले, तरी निम्मा गोंधळ मिटतो.

माझे खरे म्हणणे मात्र याच्या पुढचे आहे, आणि या पुस्तकाची मांडणी त्यावरच उभी आहे. कोनांच्या जोड्यांची दोन वेगळी घराणी आहेत. पहिल्या घराण्यात एकाच बिंदूवर जन्मलेल्या जोड्या येतात: रेषीय जोडी, विरुद्ध कोन, बिंदूभोवतीचे कोन. दुसऱ्या घराण्यातल्या जोड्या दोन वेगळ्या बिंदूंवर, दोन रेषांना छेदणाऱ्या एका छेदिकेवर जन्मतात: संगत, व्युत्क्रम, आंतरकोन. पहिल्या घराण्याचे नियम कुठेही खरे ठरतात. दुसऱ्याचे नियम एका गृहीतावर उभे आहेत आणि ते गृहीत काढून घेतले की कोसळतात. शाळेत दोन्ही घराणी एकाच पंगतीत बसवली जातात आणि हा भेद मुलांना कोणी सांगत नाही. मला वाटते, भूमितीत याहून मोठे गुपित शालेय वयात सांगण्याजोगे दुसरे नाही.

पहिल्या घराण्याची ओळख करून घ्यायला हैदराबादइतके सोयीचे शहर सापडणार नाही. १५९१ साली मुहम्मद कुली कुतुबशहाने चारमिनार बांधला, तो नव्या शहराच्या मध्यावर, दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात त्या जागी. नगररचना मीर मोमीन अस्त्राबादी यांची मानली जाते. इमारतीची प्रत्येक बाजू सुमारे २० मीटर, चार बाजूंना चार कमानी, आणि प्रत्येक कमानीतून मुख्य दिशेला निघणारा रस्ता: पश्चिमेला लाड बाजार, दक्षिणेला शाहअली बंडा, उत्तरेला चार कमान आणि गुलजार हौद. दोन सरळ रेषा एका बिंदूत छेदल्या की चार कोन होतात. इथे चारही काटकोन आहेत. पण त्यातला एकच काटकोन पाहणे पुरेसे होते. लाड बाजाराची रेषा उत्तरेच्या रस्त्याशी काटकोन करते हे एकदा ठरले, की दक्षिणेकडचा कोन रेषीय जोडीने ठरतो आणि उरलेले दोन विरुद्ध कोनांनी. एका कोपऱ्यातला काटकोन बाकीच्या तिघांना काटकोन व्हायला भाग पाडतो.

रस्ते तिरपे छेदत असते तरी हाच न्याय लागला असता. समजा एक कोन ६० अंशांचा आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचे कोन त्याच्याशी रेषीय जोडीत आहेत, म्हणून ते १२० चे. आणि समोरचा कोन त्या १२० शी रेषीय जोडीत, म्हणून तो पुन्हा ६० चा. समोरासमोरचे दोन कोन समान का असतात, याचे उत्तर एका ओळीचे आहे: दोघेही एकाच कोनाचे पूरक आहेत. ही गोष्ट थेल्सच्या ध्यानात आली असे प्राचीन ग्रीक परंपरा सांगते, आणि युक्लिडने ‘एलेमेंट्स’च्या पहिल्या भागात पंधराव्या क्रमांकाला तिची सिद्धता दिली. सव्वादोन हजार वर्षांत त्या सिद्धतेत बदल करावा असे काही निघाले नाही. मुलाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः लिहावी अशी सिद्धता हीच, असे माझे ठाम मत आहे. ती चार ओळींत संपते, आणि तिच्यामुळे ‘दिसते’ आणि ‘असलेच पाहिजे’ यातला फरक एकदाचा कळतो.

हे ज्ञान गवंड्याच्या आणि सुताराच्या हातात केव्हाचे आहे. कंपासपेटीत असतो त्याच नावाचा गुण्या त्यांच्याकडेही असतो, लोखंडी आणि मोठा. तो वापरून वापरून, पडून, आपटून थोडा कललेला असू शकतो. तो बरोबर आहे की नाही हे तपासायला दुसरा गुण्या आणला, तर तोही बिघडलेला नसेल कशावरून? जाणता कारागीर दुसरा गुण्या मागत नाही. तो सरळ कडेच्या फळीवर एक बिंदू घेतो, गुण्याचा एक हात कडेला टेकवून दुसऱ्या हाताने रेघ मारतो, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूवर पलीकडच्या बाजूने रेघ मारतो. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. गुण्या ८९ अंशांचा झाला असेल, तर दोन्ही बाजूंना मिळून १७८ अंश भरतात आणि मध्ये दोन अंशांची फट राहते. एका अंशाची चूक डोळ्याला दिसली नसती. दुप्पट झाली म्हणून दिसली. रेषीय जोडीची बेरीज १८० असते, या वाक्याचा याहून चोख उपयोग मला माहीत नाही. कोनमापक नाही, आकडा नाही, आणि तरीही निकाल पक्का. या पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणाचा पहिला उपक्रम हाच आहे. मुलांनी आपल्या कंपासपेटीतला गुण्या असाच तपासून घ्यावा.

बिंदूभोवतीच्या कोनांची बेरीज ३६० असते, हा नियम मोजणीच्या यंत्रांच्या कामाचा. १८०८ साली तंजावरला लॅम्ब्टनचा थिओडोलाइट देवळाच्या उंच भागी चढवत असताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. तीन फूट व्यासाचे अंशवर्तुळ वाकले. ज्या वर्तुळावर अंश, मिनिटे, सेकंद कोरलेले, तेच वेडेवाकडे झाले म्हणजे सारी मोजणी थांबली. लॅम्ब्टनने स्वतःला सहा आठवडे तंबूत कोंडून घेतले आणि हळूहळू ठोकत, ओढत ते वर्तुळ पुन्हा गोल केले. असे यंत्र विश्वासाचे आहे का हे पाहण्याची एक साधी रीत आजही मोजणीदार वापरतात: एका जागी उभे राहून भोवतालच्या सगळ्या खुणांमधले कोन एकामागून एक मोजायचे, पहिल्या खुणेवर परत यायचे आणि बेरीज करायची. ३६० अंश भरले नाहीत, तर चूक कुठेतरी आहे, आणि ती आपलीच आहे. बिंदू खोटे बोलत नाही.

पहिल्या घराण्याचे सौंदर्य पाहायचे असेल तर हैदराबादेत संतोषनगरच्या बाजूला पायगा या सरदार घराण्याच्या मकबऱ्यांत जावे. चुनेगच्चीतल्या जाळ्या तिथे एकामागून एक उभ्या आहेत, आणि त्यांत तारे, षट्कोन, अष्टकोन एकमेकांत गुंतलेले आहेत. अशी नक्षी कशी आखत असावेत यावर ई. एच. हँकिन यांनी बारकाईने काम केले. ते आग्र्याला जंतुशास्त्रज्ञ होते. फत्तेपूर सिक्रीच्या एका हमामात त्यांना नक्षीबरोबर आखणीच्या पुसट रेघाही सापडल्या, आणि १९२५ साली पुरातत्त्व खात्याने त्यांचे विवेचन प्रसिद्ध केले. त्यांनी दाखवलेली रीत अशी: आधी बहुभुज एकमेकांना चिकटवून मांडायचे. प्रत्येक सामाईक बाजूच्या मध्यबिंदूतून दोन रेषा सारख्या कलाने आरपार न्यायच्या. त्या रेषा आत जाऊन एकमेकींना भेटल्या की तारा तयार होतो. मग बहुभुजांच्या रेघा पुसून टाकायच्या. आता यात कोनांची जोडी कुठे आहे? मध्यबिंदूत. तिथे दोन रेषा छेदतात, म्हणून अलीकडचा कोन जेवढा, पलीकडचा तेवढाच. एका ताऱ्याचा कोन ठरला की शेजारच्या बहुभुजातल्या ताऱ्याचा कोन आपोआप ठरतो. शेजारचा बहुभुज सहा बाजूंचा असो की दहा, रेषा न मोडता पुढे जाते. अशा जाळीकडे पाहताना डोळा कुठे अडखळत नाही, याचे कारण थेल्सचे ते चार ओळींचे विधान आहे.

पायगा घराण्याबद्दल इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. याच घराण्यातले फख्रुद्दीन खान, दुसरे शम्स-उल-उमरा, यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबादेत पाश्चात्त्य विज्ञानाची पुस्तके उर्दूत करवून घेतली आणि स्वतःच्या छापखान्यात छापली. पायगांपैकीच नवाब जफर जंग यांनी १९०१ साली जी वेधशाळा उभी केली, ती पुढे निजामिया वेधशाळा म्हणून नावारूपाला आली. आकाशाचा एक पट्टा आंतरराष्ट्रीय नकाशासाठी तिच्याकडे सोपवला गेला होता, आणि त्यातल्या लक्षावधी ताऱ्यांच्या जागा तिथे नोंदल्या गेल्या. त्यांच्या मकबऱ्यांत शिल्प पाहायला जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

आता कोनांच्या जोड्यांचे दुसरे घराणे. दोन रेषा, त्यांना छेदणारी तिसरी, दोन छेदनबिंदूंवर मिळून आठ कोन. एका बिंदूवरचे चार कोन आपसात बांधलेले आहेत, दुसऱ्यावरचे चार आपसात. पण या बिंदूवरचा कोन त्या बिंदूवरच्या कोनाशी कशाने बांधला जातो? नुसत्या छेदिकेने नाही. दोन रेषा समांतर आहेत असे कळले, तरच. आणि समांतर म्हणजे कितीही वाढवल्या तरी न भेटणाऱ्या. ‘कितीही’ हा शब्द कागदावर तपासता येत नाही. युक्लिडला हे पुरते ठाऊक होते. म्हणून त्याने पाचवे गृहीतक मांडले, आणि ते कोनांच्या जोडीचेच विधान आहे: छेदिकेच्या एका बाजूच्या दोन आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी असेल, तर त्या दोन रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला भेटतात. समांतर रेषांचे व्युत्क्रम कोन समान असतात हे त्याने एकोणतिसाव्या विधानात सिद्ध केले, आणि पाचवे गृहीतक पहिल्यांदा वापरले तेही तिथेच. त्याआधीची अठ्ठावीस विधाने त्याने त्याला हात न लावता पार पाडली. मला या संयमाचे फार मोल वाटते.

हे गृहीत बाकीच्यांवरून सिद्ध करता येईल, या आशेने पुढची दोन हजार वर्षे लोक झटले. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तुसी यांनी समांतर रेषांवर स्वतंत्र विचार केला. तुसींच्याच अरबी युक्लिडवरून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ पंडितांनी ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ केला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो मुंबई संस्कृत ग्रंथमालेतून छापून निघाला. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याय यांनी दाखवून दिले की पाचवे गृहीतक नाकारूनही सुसंगत भूमिती उभी राहते. म्हणजे ते सिद्ध होण्याजोगे नव्हतेच. ते निवडावे लागते. सातवीतले मूल ‘संगत कोन समान’ असे लिहिते, तेव्हा त्याने ही निवड नकळत केलेली असते. त्याला ती कळून करता यावी, एवढीच माझी इच्छा आहे.

त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० असते, हे प्रसिद्ध विधानही याच घराण्यातले. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा. पायाचे दोन कोन व्युत्क्रम कोन होऊन वर येतात आणि शिरकोनाच्या दोन बाजूंना बसतात. तिघे मिळून सरळ कोन होतो. व्युत्क्रम कोनांवरचा भरवसा गेला, तर ही बेरीजही गेली. लॅम्ब्टनला हे प्रत्यक्ष दिसत होते. शक्य तिथे तो त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजत असे, आणि त्यांची बेरीज १८० अंश येणार नाही हे त्याला आधीच ठाऊक असे. पृथ्वी गोल आहे. तिच्या पाठीवरच्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० पेक्षा थोडी जास्त भरते. सुमारे २०० चौरस किलोमीटर क्षेत्रामागे एक सेकंद, असा ढोबळ हिशेब आहे. साठ किलोमीटर बाजूंच्या समभुज त्रिकोणात आठ सेकंदांच्या आसपास वाढ येते. आठ सेकंद म्हणजे एका अंशाचा साडेचारशेवा भाग. एवढ्याशा फरकासाठी अर्ध्या टनाचे यंत्र डोंगरावर चढवणाऱ्या माणसाला युक्लिडच्या गृहीताची सीमा कुठे लागते, हे हाडामासाने कळले होते.

पृथ्वीगोलावर बोट ठेवून मुलांनीही ते पाहावे. लॅम्ब्टनच्या मोजणीचा मुख्य कणा ७८व्या रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे गेला. ते रेखावृत्त विषुववृत्ताला काटकोनात छेदते. नव्वदावे रेखावृत्तही काटकोनातच छेदते. विषुववृत्त ही छेदिका मानली, तर संगत कोन समान आहेत, आंतरकोनांची बेरीज १८० आहे, आणि तरीही ही दोन रेखावृत्ते ध्रुवावर भेटतात. दुसरे घराणे कोसळले. पण त्याच गोलावर रेखावृत्त आणि विषुववृत्त जिथे छेदतात, तिथे विरुद्ध कोन समानच आहेत, रेषीय जोडी १८० चीच आहे. पहिले घराणे गोलावरही उभे राहिले. वर ज्याला गुपित म्हटले ते हे.

म्हणून दुसरे घराणे दुबळे आहे असे कोणी समजू नये. पृथ्वी केवढी आहे हे माणसाला पहिल्यांदा त्यानेच सांगितले. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण पृथ्वीवर जवळपास समांतर पोचतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने दोन गावांतल्या सावल्यांवरून ७.२ अंशांचा फरक काढला, तो पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग होता, आणि दोन गावांतल्या अंतराची पन्नास पट करून त्याने पृथ्वीचा परीघ सांगितला. हाच प्रयोग हैदराबाद आणि नागपूरच्या मराठी माणसांना फार सोपा आहे, कारण दोन्ही शहरे जवळपास एकाच रेखावृत्तावर, एकमेकांच्या उत्तर-दक्षिणेला आहेत. दरवर्षी ९ मेच्या सुमारास दुपारी सव्वाबाराच्या थोडे आधी हैदराबादेत सूर्य डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तसेच होते, पण तेव्हा ढगांचा भरवसा नसतो. त्याच मे महिन्यातल्या दिवशी, दोन-तीन मिनिटांच्या फरकाने, नागपूरला मध्यान्ही एक मीटर उंचीच्या काठीची साडेसहा सेंटिमीटर सावली उत्तरेला पडते. किरण आणि काठी यांच्यातला कोन पावणेचार अंशांचा. नागपूरची काठी खाली पृथ्वीच्या केंद्रापर्यंत वाढवली, की ती छेदिका झाली. हैदराबादचा किरण तर केंद्राकडेच जातो आहे. दोन्ही किरण समांतर, म्हणून केंद्रापाशी दोन शहरांमधला कोनही व्युत्क्रम कोनांच्या नियमाने तेवढाच, पावणेचार अंश. तो वर्तुळाचा ९६वा भाग. दोन शहरांमधले उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर सुमारे ४१८ किलोमीटर आहे. त्याची ९६ पट ४०,१२८ किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे. पृथ्वीच्या केंद्राशी कोण कधी गेले आहे? पण तिथला कोन नागपूरच्या अंगणात वाचता येतो.

हैदराबादच्या मराठी वाचकांसाठी एक व्यावहारिक सूचना. आपल्या मागच्या पिढ्यांनी भूमिती अनेक भाषांतून शिकली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले, आणि परभणी-नांदेडहून आलेले विद्यार्थी कोनाला ‘जाविया’ म्हणत गणित शिकले. केशवराव कोरटकरांसारख्यांनी उभ्या केलेल्या विवेक वर्धिनी या शिक्षणसंस्थेने मराठीची वाट इथे जपली. आजची मुले इंग्रजी, तेलुगू आणि हिंदी पुस्तके एकाच दप्तरात घेऊन फिरतात. त्यात एक धोका आहे. मराठीत पूरककोन म्हणजे बेरीज १८०, आणि ९० असेल तर कोटिकोन. हिंदीत आणि तेलुगूत ‘पूरक’ हा शब्द ९० साठी आहे आणि १८० साठी ‘संपूरक’. मूल मराठीत घरी शिकून हिंदी किंवा तेलुगू प्रश्नपत्रिकेत गुण गमावते, ते भूमिती न आल्यामुळे नव्हे. पालकांनी आणि शिक्षकांनी हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडेसे. पहिली तीन प्रकरणे एका बिंदूवरच्या जोड्यांची आहेत, आणि त्यांत ‘समांतर’ हा शब्द मुद्दाम येत नाही. चौथे प्रकरण लहान आहे. त्यात फक्त पाचवे गृहीतक आहे. ते वगळून पुढे जाऊ नये, ही विनंती. त्यानंतर छेदिका, त्रिकोण आणि शेवटी सावलीचा प्रयोग. इंग्रजी झेड आणि एफ अक्षरांच्या आकारांवरून कोन ओळखण्याची युक्ती मी कुठेही दिलेली नाही. ती परीक्षेत चालते. पण आकृती फिरवली, रेषा समांतर नसल्या, की ती मुलाला तोंडघशी पाडते. त्याऐवजी प्रत्येक उदाहरणात एकच प्रश्न विचारावा: हा कोन मला कोणत्या कोनावरून कळला, आणि तसे कळायला मी काय गृहीत धरले? उत्तर चुकले तरी हरकत नाही, कारण मात्र शब्दांत लिहिलेले असावे. आकृत्या मुलांनी स्वतः काढाव्यात, आणि पहिल्या तीन प्रकरणांत कोनमापक कंपासपेटीतच राहू द्यावा. नागपूरकडे आपले कोणी नातेवाईक असतील, तर येत्या ९ मेची दुपार त्यांच्याशी आत्ताच ठरवून ठेवावी.